नागपूरची दिव्या आणि तिच्या आधीच्या



काळ्या समुद्राच्या काठावर जॉर्जिया नावाचा देश आहे. तिथल्या बटुमी शहरात २८ जुलै २०२५ रोजी बुद्धिबळाच्या पटाच्या दोन बाजूंना दोन भारतीय बायका बसल्या होत्या. एक ३८ वर्षांची, दुसरी १९ वर्षांची. मोठी ती आंध्र प्रदेशची कोनेरू हम्पी, आणि लहान ती आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. महिलांच्या विश्वचषकाचा तो शेवटचा सामना होता. जगभरातून १०७ जणी खेळायला आल्या होत्या आणि शेवटी उरल्या या दोघी. म्हणजे कोणीही जिंकलं तरी चषक भारतातच येणार होता. दिव्या जिंकली, उठली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. तो व्हिडिओ आपल्यापैकी बऱ्याच जणींनी मोबाइलवर पाहिला असेल.

त्या आठवड्यात आम्ही गटांच्या बैठकांना गेलो, तर बचत आणि हप्त्यांच्या आधी तिचाच विषय निघायचा. पण प्रश्न निरनिराळे. एक मावशी म्हणाल्या, “पोरगी जिंकली, मग रडली कशाला?” दुसरीनं विचारलं, “ग्रँडमास्टर झाली म्हणतात, म्हणजे मास्तरीण झाली काय?” तिसरी जरा गप्प बसली होती. ती म्हणाली, “बायांचं बुद्धिबळ वेगळं असते काय? यात तर ताकद लागत नाही. बसूनच खेळायचं आहे. मग वेगळं कशाला?”

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आजचं हे बोलणं तयार झालं. आधी दोन सोपे प्रश्न उरकून घेऊ.

ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वात मोठा किताब. तो एकदा मिळाला की आयुष्यभर राहतो. साधारणपणे तो मिळवायला मोठ्या स्पर्धांमध्ये तीन वेळा फार वरच्या दर्जाचा खेळ करून दाखवावा लागतो. त्या प्रत्येक कामगिरीला ‘नॉर्म’ म्हणतात. शिवाय २५०० गुणांचं मानांकन गाठावं लागतं. यात लोकांची वर्षानुवर्षं जातात. दिव्या बटुमीला गेली तेव्हा तिच्याकडे तीनपैकी एकही नॉर्म नव्हता. पण विश्वचषक जिंकणारीला हा किताब थेट मिळतो असा नियम आहे. म्हणून एकाच दिवशी ती विश्वचषक विजेतीही झाली आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टरही. या ८८ मध्ये बाया किती, तर चार. हम्पी, हरिका, वैशाली आणि दिव्या. आता ती का रडली ते वेगळं सांगायला नको.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आपल्या घरातला पट डोळ्यांसमोर आणा. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि पुढे प्याद्यांची रांग. यात बाई कुठंच नाही. युरोपात मात्र वजिराच्या जागी राणी असते. आपल्या देशातून हा खेळ इराण आणि अरब देशांमार्गे तिकडे गेला, तेव्हा वजीर फार दुबळा होता, तिरकं एकच घर चालायचा. युरोपात त्याची राणी झाली. पुढे सुमारे १४७५ ते १५०० या काळात स्पेनमध्ये नियम बदलले आणि तिला सगळ्या दिशांना हवं तितकं चालण्याचा हक्क मिळाला. तेव्हा स्पेनवर इसाबेला नावाची राणी राज्य करत होती, म्हणून काही अभ्यासक या दोन गोष्टींचा संबंध जोडतात. ते खरं असो नसो, पटावरचं सर्वात जोरदार मोहरं जगातल्या कितीतरी देशांत बाई आहे. पटाबाहेर मात्र खेळायला बसलेले सगळे पुरुषच, हे चित्र शेकडो वर्षं तसंच राहिलं.

हे चित्र मोडणाऱ्यांमध्ये आपल्याकडची एक कामवाली बाई होती. तिचं नाव फातिमा. पंजाबातले एक मोठे जमीनदार सर उमर हयात खान काही काळ इंग्लंडमध्ये राहायला गेले होते. त्यांच्या पदरी असलेला मीर सुलतान खान हा तिथल्या मोठमोठ्या खेळाडूंना हरवून तीनदा ब्रिटिश विजेता झाला. त्याच घरात कामाला असलेली फातिमाही खेळायला शिकली. १९३३ साली हेस्टिंग्ज गावी ब्रिटनच्या महिलांची स्पर्धा झाली. फातिमा ११ डाव खेळली, त्यातले १० जिंकली, एक बरोबरीत सोडवला, एकही हरली नाही. घरात नोकर म्हणून राबणारी, परक्या मुलखात गेलेली ही बाई त्या देशाची विजेती झाली. मग मालक भारतात परतले, तीही परतली, आणि तिचं स्पर्धेतलं खेळणं तिथंच संपलं. मालक जिथं जाईल तिथं जायचं, मालक थांबेल तिथं थांबायचं. डोकं किती चालतं याला त्या घरात काही किंमत नव्हती.

भारतात बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हायला त्यानंतर ४० वर्षं लागली. ती १९७४ साली बंगळूरला झाली. जिंकली कोण? मुंबईची वासंती खाडिलकर, वय वर्षं १३. पुढच्या वर्षी जिंकली तिची धाकटी बहीण जयश्री. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९७६ साली, त्यांच्याहून धाकटी रोहिणी. तीही १३ वर्षांची. ओळीनं तीन वर्षं एकाच घरातल्या तीन बहिणी! हे घर गिरगावातलं, ‘नवाकाळ’ वर्तमानपत्राचं. वडील नीळकंठ खाडिलकर त्याचे संपादक. पहिली दहा वर्षं हे विजेतेपद या तिघींच्या बाहेर गेलंच नाही.

तुम्ही म्हणाल, संपादकाच्या मुली, त्यांना काय कमी. बरोबर आहे. पण १९७६ सालीच रोहिणीच्या बाबतीत जे झालं ते वडिलांच्या नावामुळे सोपं गेलं नाही. ती मुलींमध्ये जिंकली होती आणि आता तिला पुरुष खेळत होते त्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचं होतं. त्याआधी भारतात कोणतीही बाई त्या स्पर्धेत बसली नव्हती. केवढा गदारोळ झाला! मुलीनं पुरुषांच्या स्पर्धेत कसं काय खेळायचं? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बायकांना अडवता येणार नाही. हे यूवे स्वतः जगज्जेते राहिलेले, आणि पेशानं गणिताचे शिक्षक. ॲमस्टरडॅमच्या मुलींच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं होतं. मुलींच्या डोक्यात हिशेब बसतो की नाही हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती, असं आपलं आम्हाला वाटतं.

रोहिणी खेळली, आणि त्या स्पर्धेत तिनं तीन राज्यांच्या पुरुष विजेत्यांना हरवलं. आधीचं वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजरं झालं होतं. त्या वर्षातली भाषणं आज कोणाला आठवत नसतील. १३ वर्षांच्या मुलीनं भांडून मिळवलेली ती खुर्ची मात्र पुढच्या सगळ्या मुलींच्या कामी आली.

आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळतं. बुद्धिबळात बायकांच्या वेगळ्या स्पर्धा असतात. पण ज्याला लोक पुरुषांची स्पर्धा म्हणतात ती खरं तर सगळ्यांची, खुली स्पर्धा असते. तिच्यात बाईला बसता येतं. बायकांची वेगळी स्पर्धा ठेवली ती मुलींना घराबाहेर पडायला निमित्त मिळावं, बक्षीस मिळावं, चार मुली एकत्र याव्यात म्हणून. जसा आपला महिलांचा गट. गट आपला असला म्हणून ग्रामसभेत जायला आपल्याला बंदी आहे काय? दोन्हीकडे जायचं. पण ग्रामसभेत पहिल्यांदा जाऊन बसणारीला काय काय ऐकावं लागलं, ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

रोहिणी पुढे १९८१ साली हैदराबादला आशियाई विजेती झाली. १२ पैकी साडेअकरा गुण! दोन वर्षांनी तिनं तेच विजेतेपद पुन्हा जिंकलं. जयश्री १९७९ साली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली, हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. नंतर या बहिणी वर्तमानपत्राच्या कामात शिरल्या. त्यांच्या मागून भाग्यश्री साठे-ठिपसे आल्या, अनुपमा गोखले आल्या. दोघीही पाच-पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. पुण्याची सौम्या स्वामीनाथन २००९ साली २० वर्षांखालच्या मुलींमध्ये जगात पहिली आली. प्रत्येकीवर एकेक भाषण होईल. आज दिव्याकडे जाऊ.

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा, नागपूरचा. आई-वडील दोघंही डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटन शिकायला जायची. धाकटीला घरी एकटं कुठं ठेवायचं, म्हणून तिलाही सोबत न्यायचे. रॅकेट धरायला ती फारच लहान होती, तेव्हा तिला बुद्धिबळाच्या वर्गात बसवलं. पाचेक वर्षांची असेल. आपल्याकडेही धाकटं पोर असंच मोठ्याच्या मागं मागं अंगणवाडीत जाऊन बसतं. काही पोरं तिथं पेंगतात, आणि एखादं सगळं टिपून घेतं.

२०१२ साली ती ७ वर्षांखालच्या मुलींमध्ये देशात पहिली आली. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला १० वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती, २०१७ साली ब्राझीलमध्ये १२ वर्षांखालची जगज्जेती. हे आम्ही एका दमात सांगितलं, पण यामागं काय असतं ते थांबून पाहायला हवं. दिवसाचे कितीतरी तास पटासमोर बसणं. शाळा बुडवणं, परत भरून काढणं. प्रत्येक स्पर्धेला मुलीसोबत घरातलं कोणीतरी जाणं. विमानाची तिकिटं, राहणं, शिकवणाऱ्यांची फी. दिव्याच्या घराला ते जमलं. नागपूरचे राहुल जोशी हे तिचे सुरुवातीचे प्रशिक्षक. मुलगी ग्रँडमास्टर झालेली त्यांना पाहायची होती. पण २०२० साली, वयाच्या अवघ्या चाळिशीत ते गेले.

त्याच वर्षी कोरोनात सगळं बंद होतं, तेव्हा बुद्धिबळाचं ऑलिंपियाड संगणकावर खेळवलं गेलं. भारत आणि रशिया संयुक्त विजेते ठरले. भारताच्या त्या संघात १४ वर्षांची दिव्या होती. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय महिला विजेती झाली, म्हणजे ज्या यादीत वासंती, जयश्री, रोहिणी यांची नावं सर्वात वर आहेत त्याच यादीत तिचं नाव लागलं. २०२३ साली आशियाई विजेती. २०२४ साली गांधीनगरला २० वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती, ११ पैकी १० गुण. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिलांनी पहिल्यांदा सुवर्ण जिंकलं. तिथं तिसऱ्या पटावर खेळून दिव्यानं स्वतःचं वेगळं सुवर्णही घेतलं.

हे सगळं बक्षिसांचं झालं. २०२४ सालच्या जानेवारीत आणखी एक गोष्ट घडली. ती आम्हाला या बक्षिसांइतकीच मोठी वाटते. दिव्या नेदरलँड्समधल्या वाइक आन झी या गावी खेळायला गेली होती. स्पर्धा संपल्यावर तिनं इन्स्टाग्रामवर उघडपणे लिहिलं. आपण चांगले डाव खेळलो, पण बघणाऱ्यांचं लक्ष डावाकडे नव्हतंच, ते होतं आपल्या कपड्यांकडे, केसांकडे, बोलण्याच्या ढबीकडे. पुरुष खेळाडूच्या मुलाखतीत त्याच्या खेळाबद्दल बोलतात आणि बाईच्या बाबतीत खेळ सोडून बाकी सगळं बोलतात, अशा अर्थाचं ते लिहिणं होतं. तेव्हा ती १८ वर्षांची होती. आपण एवढ्या वयात काय केलं असतं? मान खाली घालून घरी आलो असतो, आणि घरीही सांगितलं नसतं, कारण सांगितलं तर उद्यापासून जाणंच बंद. दिव्यानं सांगितलं, आणि तिचं जाणं बंद झालं नाही. मागं उभ्या असणाऱ्या घराचा खरा उपयोग आम्हाला तिकिटाच्या पैशापेक्षा इथं जास्त दिसतो.

मग आलं बटुमी. मानांकनात ती १५वी होती. चौथ्या फेरीत समोर चीनची झू जिनर, स्पर्धेतली दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू. तिला हरवलं. मग आपल्याच हरिकाला हरवलं. उपांत्य सामन्यात चीनची तान झोंगयी, जी पूर्वी जगज्जेती होती. त्या सामन्यातला दुसरा डाव १०१ चालींपर्यंत गेला. एकेक चाल विचार करून करायची, आणि अशा १०१! दिव्यानं तो जिंकला.

अंतिम सामन्यात समोर हम्पी. जिंकणारीचं कौतुक करताना हरणारीला विसरायचं नाही. कोनेरू हम्पी यांच्या वडिलांनी मुलीला शिकवण्यासाठी आपली नोकरी सोडली होती. २००२ साली, वयाच्या १५व्या वर्षी त्या ग्रँडमास्टर झाल्या. त्या वेळी इतक्या लहान वयात जगातली कोणतीही मुलगी तो किताब मिळवू शकली नव्हती. २०१७ साली त्यांना मुलगी झाली. काही काळ त्या खेळापासून लांब राहिल्या. लोकांनी धरून चालावं की झालं, आता संसार. पण परत आल्या त्या अशा की २०१९ च्या डिसेंबरात जलद बुद्धिबळाच्या जगज्जेत्या झाल्या, आणि २०२४ साली पुन्हा. बाळंतपणानंतर बैठकीला यायचं थांबलेल्या, शिलाई मशीन झाकून ठेवलेल्या आपल्या किती मैत्रिणी आहेत! त्यांना आम्ही दिव्यापेक्षा हम्पीची गोष्ट आधी सांगतो.

त्या दोघींचे पहिले दोन मोठे डाव बरोबरीत सुटले. मग निकालासाठी जलद डाव. प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वाढीव. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळ संपत आलं, हम्पीकडून चूक झाली, आणि दिव्यानं ती सोडली नाही.

आता आमच्या इकडची एक गोष्ट. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत एका गटात कर्जाची मागणी आली. चार हजार रुपये. कारण काय, तर मुलगी शाळेत बुद्धिबळ शिकली, तिला जिल्ह्याच्या स्पर्धेला न्यायचं आहे, पट आणि घड्याळ घ्यायचं आहे. गटात दोन तट पडले. एक बाजू म्हणे, शेळी घ्यायला दिले तर शेळी दूध देईल, हे तर खेळणं आहे. दुसरी बाजू म्हणे, मागच्या महिन्यात मुलाच्या मोबाइलला दिले तेव्हा दूध कोणी विचारलं नाही. हे वाक्य पडलं आणि खोलीत हशा पिकला. कर्ज नेहमीच्याच व्याजानं मंजूर झालं. सचिवताई नोंदवहीत ‘कर्जाचं कारण’ या रकान्यात ‘शिक्षण’ लिहायला लागल्या, तर मुलीची आई म्हणाली, “ताई, बुद्धिबळच लिहा. खरं ते लिहा.” तसं लिहिलं. मुलगी जिल्ह्याला पाच डाव खेळली, दोन जिंकली. हप्ते वेळेवर चालू आहेत.

विश्वचषकानंतर दिव्या काय करते आहे, असंही बायका विचारतात. या विजयामुळे जगज्जेतीला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत तिची जागा पक्की झाली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उझबेकिस्तानातल्या समरकंदला मोठी स्पर्धा होती, तिचे दोन विभाग होते. एक महिलांचा, एक खुला. दिव्या खुल्या विभागात उतरली. ज्या जागी बसण्यासाठी १९७६ साली रोहिणीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं, तशाच जागी ती जाऊन बसली, आणि कोणी हरकत घेतली नाही. समोर येणारे बहुतेक सगळे पुरुष ग्रँडमास्टर. त्यांच्यात जगज्जेता गुकेशही होता. त्याच्याशी दिव्याचा डाव बरोबरीत सुटला.

ज्या गटांना पट मांडायचा आहे त्यांनी पुढच्या बैठकीआधी आम्हाला कळवा. पुठ्ठ्याचा पट चालतो, ६४ घरं मुलींकडूनच आखून घ्या. पुढच्या भाषणात घोडा अडीच घरं कसा चालतो ते सांगू, पेन आणि वही घेऊन बसा.